दुसरा डीएनएस आणि गुरुवारची लाईट

काकांच्या ऑफिसात (पुणे, करसल्लागार, सहा माणसं) हिशेबाच्या फाइल्सचा सर्व्हर मीच बसवला. छोटा लिनक्सचा डबा (म्हणजे कॉम्प्युटर), सर्व्हरचं नाव 'हिशेब.लॅन'. त्यावरच डीएनएसमास्क, म्हणजे डीएनएसचं काम करणारा प्रोग्राम. डीएनएस म्हणजे नाव दिलं की त्याचा आयपी (आकड्यांचा पत्ता) सांगणारा सर्व्हर. एका दुपारचं काम. राउटरमध्ये पहिला डीएनएस या डब्याचा दिला आणि दुसरा ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सगळ्यांसाठी खुला डीएनएस. डबा बंद पडला तर निदान इंटरनेट तरी चालेल, असा माझा हिशोब. तिथेच माती खाल्ली.

दर आठवड्याला एकदा तरी फोन यायचा, "दादा, लॅपटॉपवर हिशेब उघडत नाहीये." बाकी सगळ्या मशीनवर चालू. आयपी टाकला की लॅपटॉपवरही चालू. इंटरनेटवाल्यांच्या हेल्पलाइनवर पाऊण तास गाणं ऐकलं, मग उत्तर मिळालं, "सर, राउटर बंद करून चालू करा." वैताग म्हणजे तसं केलं की खरंच चालायचं! त्यामुळे राउटरच खराब आहे या समजुतीत मी तीन आठवडे घालवले. नवा राउटरही आणला. फुकट गेला.

शेवटी तक्रारींचे वार लिहून काढले. सगळे गुरुवार, म्हणजे आमच्याकडे लाईट जायचा वार. लाईट गेली की राउटर इन्व्हर्टरवर, लॅपटॉप बॅटरीवर, आणि माझा डबा ठार. लॅपटॉपवर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) आहे. त्यातला नावं शोधणारा प्रोग्राम, सिस्टमडी-रिझॉल्व्हडी, पहिल्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही की दुसऱ्याकडे जातो आणि तो नीट चालतोय तोवर तिथेच मुक्काम ठोकतो. लाईट आली, डबा उठला, तरी हा पठ्ठ्या आपला ८.८.८.८ वरच. आणि तो 'हिशेब.लॅन' असं नावच नाही म्हणून सांगतो. नकार हेही उत्तरच, त्यामुळे पहिल्याला पुन्हा विचारायचा प्रश्नच येत नाही. डेस्कटॉप मात्र लाईट गेल्यावर बंदच व्हायचे, उठल्यावर पहिल्यापासून सुरुवात करायचे, म्हणून ते शहाणे.

'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही कमांड पहिल्याच दिवशी चालवायला हवी होती. सध्या कुठला सर्व्हर पकडलाय ते त्यात सरळ दिसतं.

प्रत्येक उपकरणाची तऱ्हा वेगळी, हेही तेव्हाच कळलं. जुन्या पद्धतीचं लिनक्स रिझॉल्व्ह.कॉन्फ या डीएनएसच्या यादीच्या फाइलमधले पहिले ३ सर्व्हरच बघतं आणि प्रत्येक वेळी वरून सुरुवात करतं. पहिला मेलेला असेल तर ५ सेकंद थांबून मग दुसरा. विंडोज साधारण सेकंदभरातच पुढच्याला विचारतं.

आता ८.८.८.८ काढून टाकलाय. दुसरा डीएनएस म्हणून एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर), त्यावरही तीच नावं. दोघांनाही सगळं ठाऊक, मग कोण कुणाला विचारतोय याची फिकीर नाही. "पहिल्या डब्यालाच इन्व्हर्टरची वायर दिली असतीस तर?" असं काकांनी विचारलं. तीही दिली.

हां, राउटरमध्ये बदल केल्यावर सगळ्यांना वायफाय तोडून पुन्हा जोडायला सांगा, नाहीतर जुनेच पत्ते घेऊन बसतात. आणि ज्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला ठरावीक सर्व्हर दिलेला असेल, तो तुमच्या डब्याला विचारतच नाही. आमच्याकडे तो फोन काकांचाच निघाला.