गाठ कापण्याची घाई नको

“लहानशी गाठ होती, काढून टाकली, आता पुन्हा आली आहे,” असे सांगणाऱ्या रुग्णाच्या फाईलमध्ये मी आधी दोन कागद शोधतो: शस्त्रक्रियेपूर्वीचा एमआरआय आणि काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल. पुष्कळदा दोन्ही नसतात.

त्वचेखालच्या बहुतेक गाठी चरबीच्या आणि निरुपद्रवी असतात, हे खरेच आहे. मात्र गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, वाढत असेल, खोलवर असेल किंवा काढल्यावर पुन्हा आली असेल, तर सार्कोमाची, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा ऊतींत होणाऱ्या कर्करोगाची, शंका घ्यायलाच हवी. खोली ओळखण्यासाठी मी रुग्णाला स्नायू ताठ करायला सांगतो. एरवी बोटाखाली सरकणारी गाठ तेव्हा जागच्या जागी घट्ट झाली, तर ती बहुधा स्नायूत किंवा त्याच्याही खाली असते. ‘दुखत नाही, म्हणजे साधीच’ या समजुतीत बराच वेळ वाया जातो, कारण मृदू ऊतींचा सार्कोमा सुरुवातीला सहसा दुखतच नाही.

हाडाच्या गाठीत मात्र वेदनाच आधी बोलते. वाढत्या वयातील मुलाचा गुडघा विश्रांती घेऊनही आणि रात्रीही दुखत असेल, तर खेळताना लागले असेल म्हणून सोडून न देता साधा एक्स-रे काढावा. ईविंग सार्कोमा या मुख्यतः मुलांत आणि तरुणांत होणाऱ्या हाडाच्या कर्करोगात तापही येऊ शकतो, त्यामुळे तो हाडातील जंतुसंसर्ग समजला जाण्याचा धोका असतो. चाळिशीनंतर हाड पोखरलेले दिसले, तर दुसऱ्या अवयवातून पसरलेला कर्करोग किंवा मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) यांचा विचार आधी करावा लागतो.

माझ्या मते या आजारात सर्वांत जोखमीचा निर्णय बायोप्सीचा, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा नमुना घेण्याचा, असतो. एमआरआय तिच्याआधी व्हावा, कारण नंतरच्या रक्तस्रावाने आणि सुजेने चित्र गढूळ होते. सुई ज्या मार्गाने आत जाते, तेथे गाठीच्या पेशी सांडू शकतात. म्हणून तो मार्ग पुढच्या शस्त्रक्रियेच्या छेदरेषेतच यावा लागतो आणि ती शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच तो ठरवलेला बरा. हातापायावर आडवा छेद घेऊन गाठ ‘सहज’ काढली गेली, तर पुढे कितीतरी जास्त निरोगी ऊती काढाव्या लागतात.

उपचार प्रकारानुसार बदलतात. १९७०च्या दशकापूर्वी ऑस्टिओसार्कोमा (हाड तयार करणाऱ्या पेशींचा कर्करोग) म्हणजे बहुधा अवयव कापणे, आणि तरीही पाचांपैकी जेमतेम एक रुग्ण वाचत असे. आता आधी केमोथेरपी, मग गाठ काढून कृत्रिम सांधा किंवा हाड बसवणे आणि पुन्हा केमोथेरपी, या क्रमाने आजार पसरलेला नसलेले सुमारे ६० ते ७० टक्के रुग्ण वाचतात आणि बहुतेकांचा हात किंवा पायही राखता येतो. ईविंगवर रेडिएशनचा चांगला परिणाम होतो. नेहमीच्या कॉन्ड्रोसार्कोमावर (कूर्चेच्या कर्करोगावर) केमोथेरपी फारशी चालत नाही, तेथे भिस्त शस्त्रक्रियेवरच.

उपचार संपल्यावर छातीची तपासणी काही वर्षे चालू ठेवावी लागते, कारण हे आजार बहुतांशी फुफ्फुसात पसरतात. तेथील गाठी मोजक्या असतील, तर त्याही शस्त्रक्रियेने काढता येतात आणि त्यानंतरही काही रुग्ण पूर्ण बरे होतात.