जखमेतल्या अळीचा डीएनए

जिच्या अळ्या जनावराच्या जिवंत मांसावर वाढतात ती ‘क्रायसोमाया बेझियाना’ माशी भारतातही आहे. तिच्या मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातल्या) सायटोक्रोम-बी जनुकात आफ्रिकी आणि आशियाई वंशशाखा वेगळ्या दिसतात, म्हणून नवी लागण कुठून आली याचा माग लागतो.

पण नमुना नीट हवा. जखमेच्या खोलातल्या मोठ्या अळ्या घ्या. कडेला इतर माश्यांच्याही असतात. उकळत्या पाण्यात ३० सेकंद बुडवून ८० टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मालिन नकोच, त्याने डीएनए खराब होतो. मागच्या टोकाची श्वासरंध्रं ओळखीसाठी राखा आणि मधल्या खंडांचे स्नायू वापरा. आतडं कटाक्षाने टाळा: त्यात गाईचं मांस असतं, आणि सर्वसाधारण प्रायमर (डीएनएचा हवा तो भाग वाचायला सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) वापरले तर गाईचाच डीएनए वाचला जाऊ शकतो. शिवाय मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा वारसा फक्त आईकडून येतो. नराकडून आलेल्या वारशाचा माग काढायला पेशीच्या केंद्रकातली जनुकंच तपासावी लागतात.