एकाच सीरमच्या दोन प्लेट

२०२२च्या सुरुवातीला, ओमिक्रॉनची लाट चालू असताना, फॉर्मेलिनमध्ये बुडवून बीएसएल-३ मधून, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या बंदिस्त प्रयोगशाळेतून, बाहेर काढलेल्या दोन प्लेट मी वाचायला घेतल्या. सीरममधल्या, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातल्या, अँटिबॉडी विषाणूला किती अडवतात हे पाहणारी ही टेस्ट. सीरम एकाच व्यक्तीचं: लशीचे दोन डोस झालेले, आधी कोरोना झालेला नाही. एका प्लेटमध्ये २०२०चा, डी६१४जी बदल असलेला विषाणू. दुसरीत ओमिक्रॉन बीए.१. क्रिस्टल व्हायोलेटने जिवंत पेशींचा थर जांभळा होतो आणि विषाणूने पेशी मारल्या तिथे पांढरं भोक राहतं. त्यालाच प्लाक म्हणतात. पहिल्या प्लेटमध्ये १:८०पर्यंतच्या, म्हणजे सीरम ८० पट पातळ होईपर्यंतच्या, वेलमध्ये (खळग्यांमध्ये) जेमतेम एखादा प्लाक होता. दुसऱ्या प्लेटची पहिलीच वेल, १:२०ची, भोकांनी भरलेली.

पद्धत थोडक्यात अशी. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवायचं, म्हणजे त्यातलं कॉम्प्लिमेंट, अँटिबॉडीशिवायही विषाणूवर परिणाम करू शकणारी प्रथिनं, निकामी होतं. १:१०पासून दुपटीने पातळ करत जायचं, तेवढाच विषाणू मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवायचं आणि मग मिश्रण व्हेरो पेशींच्या (माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशींच्या) थरावर घालायचं. तासाभराने वरून घट्ट मिथाइल सेल्युलोज ओतायचं, म्हणजे विषाणू शेजारच्याच पेशीत पसरतो आणि प्लाक वेगवेगळे मोजता येतात. विषाणू मिसळल्यावर १:१०चं १:२० होतं, हे लिहून ठेवलेलं बरं. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत नेमका दुपटीचा फरक दिसला, तर एकीने मिसळण्याआधीचं प्रमाण लिहिलंय आणि दुसरीने नंतरचं, ही शंका आधी तपासायची.

आता मोजणी. जुन्या विषाणूच्या प्लेटमध्ये सीरम नसलेल्या कंट्रोल वेलची सरासरी ५२, निम्मे म्हणजे २६. १:३२०मध्ये १९ प्लाक, १:६४०मध्ये ३३. प्लाक निम्मे होतात ते पातळ प्रमाण म्हणजे टायटर; तो या दोहोंच्या मध्ये, साधारण ४५०. ओमिक्रॉनच्या प्लेटमध्ये कंट्रोल ४८, निम्मे २४. पण १:२०मध्येच ३१.

असा आकडा दिसला की आधी प्लेटवर संशय घ्यायचा. विषाणूचा डोस चुकून जास्त पडला तर सीरम कमजोर दिसतं. पण ५२ आणि ४८ जवळजवळ सारखेच होते, आणि विषाणू परत पातळ करून केलेली बॅक टायट्रेशनही जुळत होती. ओमिक्रॉनचे प्लाक साध्या व्हेरो ई६ पेशींवर लहान आणि पुसट उमटतात, म्हणून ती प्लेट एक दिवस जास्त ठेवली होती. घाईने रंगवली असती तर प्लाक कमी दिसून सीरम फुकटचं जोरदार ठरलं असतं. विषाणूच्या साठ्याचं सिक्वेन्सिंगही झालं होतं. ते टाळून चालत नाही, कारण या पेशींत वारंवार वाढवला की विषाणूच्या काट्यासारख्या प्रथिनातली, म्हणजे स्पाइकमधली, फ्युरिन हे एन्झाइम कापतं ती जागा गळून पडते आणि आपण भलताच विषाणू तपासत बसतो. शेवटची खात्री दुसऱ्या सीरमने दिली. लस न घेतलेल्या, फक्त ओमिक्रॉन होऊन बरं झालेल्या व्यक्तीचं सीरम त्याच प्लेटमध्ये ओमिक्रॉनला व्यवस्थित अडवत होतं आणि जुन्या विषाणूच्या प्लेटमध्ये फिकं पडत होतं. म्हणजे प्लेट ठीक होती.

कारण स्पाइकच्या रचनेत आहे. स्पाइक १२७३ अमिनो आम्लांचं, पण विषाणूला रोखणाऱ्या बहुतेक अँटिबॉडी त्यातल्या दोनशेच्या आसपास अमिनो आम्लांच्या तुकड्यावर, पेशीवरच्या एसीई२ या प्रथिनाला (विषाणूच्या शिरकावाच्या दाराला) चिकटणाऱ्या भागावर बसतात. डेल्टात तिथे दोन मुख्य बदल होते, बीए.१मध्ये १५. त्यातही ४१७, ४८४, ४९३, ५०१ या जागा नेमक्या अँटिबॉडीच्या पकडीतल्या. ५०१चा बदल एसीई२वरची पकड उलट घट्ट करतो, त्यामुळे इतकं बदलूनही विषाणूचं अडत नाही.

त्याच बॅचमध्ये २०२०मध्ये कोरोना होऊन नंतर दोन डोस घेतलेल्या एकाचं सीरम होतं. ओमिक्रॉनविरुद्ध तेही घसरलं, पण १:१६०पर्यंत टिकलं. मधल्या महिन्यांत लसिकाग्रंथींमध्ये बी पेशींची निवड चालू राहते आणि विषाणूच्या सहसा न बदलणाऱ्या जागा पकडणाऱ्या अँटिबॉडी वाढतात. पुढचा डोस त्यांनाच वर काढतो. तिसऱ्या डोसनंतर ओमिक्रॉनविरुद्धचा टायटर परत दिसू लागतो, तो लस जुन्याच विषाणूची असली तरी, याच कारणाने. नुसता जुना संसर्ग झालेल्यांची सीरम मात्र एकमेकांशी मुळीच जुळत नव्हती. आजार सौम्य होता की तीव्र, आणि होऊन किती काळ लोटला, यावर तिथे फार अवलंबून असतं.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं, यावर टेबलाशी बराच खल झाला. '०' लिहिणं चूक. आपण १:२०च्या खाली पाहिलेलंच नाही. '<२०' लिहायचं. आलेखासाठी त्याला १० धरतात, पण मग '४५ पट घट' असं छापू नये. 'किमान २२ पट' एवढंच म्हणता येतं.

माझा जास्त आग्रह दुसऱ्या गोष्टीसाठी होता. '<२०' म्हणजे संरक्षण संपलं असं नव्हे. टी पेशी संसर्ग झालेल्या पेशीच्या पृष्ठभागावरचे विषाणूच्या प्रथिनांचे छोटे तुकडे ओळखतात. असे तुकडे स्पाइकभर विखुरलेले असतात, आणि संसर्ग होऊन गेला असेल तर इतर प्रथिनांमधलेही. त्यातले बहुतेक ओमिक्रॉनमध्ये तसेच राहिले. म्हणूनच लस घेतलेल्यांना संसर्ग सर्रास होत होता, पण गंभीर आजारापासूनचं संरक्षण त्या मानाने टिकून होतं. ही टेस्ट ते पाहूच शकत नाही. सीरमच्या नळीत पेशीच नसतात. रक्त गोठून त्या खाली जातात आणि आपण त्या टाकून देतो.

त्यानंतर नमुना घेताना सीरमच्या नळीबरोबर हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, एक नळी टी पेशींसाठी घ्यायचं ठरलं. ती फ्रिजमध्ये ठेवायची नाही, आणि शक्यतो ८ तासांच्या आत पेशी वेगळ्या करायच्या. उशीर झाला की ग्रॅन्युलोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या केलेल्या टी पेशींच्या थरात मिसळतात आणि टी पेशींचा प्रतिसाद मुळात होता त्यापेक्षा कमी दिसतो.