कोरडा हौद

मे महिन्यातली दुपार. आमच्या गावच्या चर्चच्या खिडकीतून पाण्याच्या टँकरचा पाइप आत गेलेला. आग म्हणावी तर धूर नाही, लग्न म्हणावं तर मांडव नाही. मग आठवलं, स्टेजखाली हौद आहे.

आमचं गाव राजुऱ्याकडचं, कोळशाच्या पट्ट्यातलं. काजीपेठकडून आलेली तेलुगू माणसं खाणीत लागली आणि येताना आंब्याचं लोणचं अन् बाप्टिस्ट मंडळी दोन्ही घेऊन आली. लोणचं गावानं लगेच स्वीकारलं. चर्च मात्र आम्हाला कितीतरी वर्षं 'ते टिनाचं घर'च होतं, घंटेऐवजी रुळाचा तुकडा टांगलेलं.

बाप्टिस्ट हा ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी, लेकराच्या कपाळाला पाणी लावून भागत नाही. माणूस मोठा होऊन स्वतःच्या तोंडानं हो म्हणाला की मग त्याला अख्खा बुडवतात. हे वर्गातल्या दोस्तानं सांगितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मला पाण्याखाली डोकं घालवत नाही. वर्धेवर आजी डुबकी मार म्हणायची, मी गळ्यापर्यंतच. आजही अंघोळीत डोळे मिटत नाही. साबण गेला तर गेला.

तरी हौद पाहायचाच होता. एका शनिवारी दोस्तानं सतरंजी गुंडाळली, फळ्या उचलल्या. आत पाण्याचा थेंब नाही. झाडू, नाताळाच्या चांदणीचा काड्यांचा सांगाडा, एक पाल. आम्ही पायऱ्या उतरलो. दोस्तानं माझ्या डोक्यावर हात ठेवून मला खाली दाबलं अन् पित्याच्या, पुत्राच्या सुरू केलं. कोरड्या हौदात मी श्वास रोखून बसलो! वरून त्याच्या अम्मानं डोकावलं. आता मार बसणार.

"कोरड्यात नाही होत रे बाबू," ती म्हणाली, अन् आम्हाला वर काढून गुंडलकम्मा नदीची गोष्ट सांगितली. ३ जुलै १८७८, आंध्रातल्या ओंगोलजवळ, एका दिवसात २,२२२ माणसं बुडवली. त्याआधी मोठा दुष्काळ पडलेला. मिशनरी क्लफसाहेबानं बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा ठेका घेऊन उपाशी लोकांना काम दिलं. माणसं तेव्हाच बाप्तिस्मा मागत होती, पण भाकरीसाठी आले असं व्हायला नको म्हणून त्यानं मदत संपेपर्यंत त्यांना थांबवलं. अम्माचा खापरपणजा त्या दिवशी नदीत होता म्हणे. असेल. पंढरीच्या वारीत ज्याचा पणजा नव्हता असं घर आपल्याकडं तरी कुठं सापडतं?

पुढं नागपूरला शिकताना कळलं, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुरात बुडून गेले. ते बाप्टिस्ट नव्हते, स्कॉटिश मिशनचे. पण माझ्या डोक्यात ते या हौदाच्याच काठी बसलेले आहेत. काय करावं?

आज टँकरवाला घाई करत होता. पाळकसाहेब दारात उभे, मला म्हणाले, "रविवारी तिघं आहेत. नदीत तर ढोपरभरही नाही." पाइप जोडापाशी गळत होता. शेजारच्या वस्तीतल्या बायांनी तिथं हंडे-गुंड लावले होते, एक भरला की दुसरा. टँकरवाला ओरडला. पाळकसाहेब त्याला म्हणाले, "असू द्या."

मी घरी येऊन तोंड धुतलं. डोळे उघडे ठेवूनच.