गोगलगायी मात्र जिवंत होत्या

फिनिक्समधल्या एका दातांच्या दवाखान्यात, प्रतीक्षाकक्षाच्या कोपऱ्यात वीस लिटरची टाकी आहे. आत ओपाए उला, म्हणजे हवाई बेटांवरची जेमतेम जवळ्याएवढी लाल कोळंबी. किनाऱ्यालगतच्या लाव्हा खडकांतल्या डबक्यांत ती राहते. या डबक्यांना वरून समुद्राची वाट नसते. भरती-ओहोटीचं पाणी खडकाच्या भेगांतून खालून येतं-जातं आणि जमिनीकडून गोडं पाणी झिरपतं. त्यामुळे पाणी निमखारं असतं आणि खारेपणा सतत कमीजास्त होतो. एवढं सोसणारी ही जात भलतीच चिवट. दहा वर्षांहून जास्त जगते, फिल्टर लागत नाही, दगडावरचा शेवाळी थर खरवडून पोट भरते. म्हणूनच ‘शनिवारपासून कोळंबी मरतेय’ असा मला सोमवारी फोन आला, तेव्हा हे साधं दुर्लक्षाचं काम नाही एवढं कळलं.

आधी मोजदाद. तळाशी पडलेलं सगळं मेलेलं नसतं. कात पारदर्शक आणि पोकळ असते, डोक्यामागे उसवलेली. मेलेली कोळंबी दुधी-गुलाबी आणि अपारदर्शक दिसते. इथे काती मोजक्याच, बाकी मढी. साठेक होत्या, त्यांतल्या बावीस हलत होत्या, त्याही फिकट पडलेल्या. फिकटपणावरून निदान होत नाही, कारण कुठल्याही ताणाने रंग उतरतो. काही कुशीवर पडून पाय झटकत होत्या, काही मधूनच वेड्यावाकड्या उसळत होत्या. हे मात्र महत्त्वाचं.

मग मोजमापं. तापमान २५ अंश, पीएच ८.२, अमोनिया किंचित. तो मढ्यांचाच असणार. रिफ्रॅक्टोमीटरने खारेपणा दाखवला हजारी २८ भाग, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२१. या टाकीत तो हजारी १६, म्हणजे १.०१२ च्या आसपास हवा. इथेच बहुतेक जण थांबतात: आकडा चुकला, दोषी सापडला, बदला पाणी. पण २८ भागांनी ओपाए उला मरत नाही. समुद्राच्या पाण्यातही ती तग धरते. आणि घाईने अर्धी टाकी फिनिक्सच्या नळाच्या जड, क्लोरीन घातलेल्या पाण्याने भरली असती, तर उरलेल्याही गेल्या असत्या.

आकडा निरुपयोगी नव्हता, फक्त तो वेगळंच सांगत होता. टाकी काठोकाठ भरलेली. नुसतं बाष्पीभवन झालं असतं तर २८ पर्यंत जायला पाणी साडेअकरा लिटरवर यायला हवं होतं. म्हणजे वरून खारं पाणी पडत होतं. हिशोब सोपा आहे: २० लिटर पाण्यात लिटरमागे १२ ग्रॅम वाढले, म्हणजे २४० ग्रॅम क्षार जास्तीचे, हजारी १६ च्या पाण्याचे बरोबर १५ लिटर. इथल्या वाळवंटी हवेत उघड्या टाकीतून आठवड्याला लिटरभर पाणी सहज उडतं. म्हणजे तीन-साडेतीन महिने कुणीतरी इमानेइतबारे चुकीचं पाणी घालत होतं. खालच्या कपाटात चिठ्ठी मिळाली: ‘लिटरला १८ ग्रॅम समुद्री मीठ’. ती टाकी पहिल्यांदा भरतानाची कृती. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोजची भर म्हणून फक्त आरओचं पाणी घालायचं. चिठ्ठीत हे नव्हतं.

पण मारलं कशाने? काचेवर मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी निवांत फिरत होत्या. कोळंबी अशी मेली की पहिला संशय पाण्यातल्या तांब्यावर. पण तांबं असतं तर त्या आधी मिटल्या किंवा मेल्या असत्या. तांबं तपासायच्या चाचणी-कीटनेही शून्य दाखवलं, पण कमी प्रमाणाच्या बाबतीत माझा कीटपेक्षा गोगलगायींवर जास्त भरवसा. शिवाय काचेवर नेहमी दिसणारे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीचे ठिपक्याएवढे भाऊबंद, एकही नव्हते. सांधेदार पायांचे संधिपाद, म्हणजे कोळंबी आणि कोपेपॉड मेले, मृदुकाय गोगलगायी शाबूत. अशी निवड पायरेथ्रॉइड, म्हणजे किड्यांच्या नसांवर मारा करणारी कीटकनाशकं करतात. ते पाय झटकणं आणि उसळणंही त्यांचंच लक्षण. फिनिक्समध्ये विंचवांमुळे इमारतींत फवारणी नेमाने होते. चौकशी केली तर फवारणीवाला गुरुवारी येऊन गेला होता, बायफेन्थ्रिन हे पायरेथ्रॉइड घेऊन, भिंतींच्या कडांनी आणि कपाटांच्या तळातही. त्याच कपाटात भर घालण्याचं मिठाचं पाणी, उघड्या तोंडाच्या जगमध्ये. शुक्रवारी त्यातलं पाणी टाकीत गेलं. मायसिडसारख्या लहान कोळंबीला लिटरमागे काही नॅनोग्रॅम बायफेन्थ्रिन पुरतं.

घरगुती कीटने हे तपासता येत नाही, म्हणून आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा कोळंबीसारख्या जीवाची पिल्लं वापरली. जगमधलं पाणी एका वाटीत, त्याच मिठाचं ताजं पाणी दुसऱ्या वाटीत, दोन्हींत पंचवीस-पंचवीस. दुसऱ्या दिवशी जगच्या वाटीत सगळी तळाला, दुसऱ्या वाटीत पोहत होती.

वाचलेल्या बावीस मात्र निकालाची वाट न पाहता सोमवारीच दहा लिटरच्या स्वच्छ टबात हलवल्या. टबातलं पाणी मुद्दाम हजारी २८ चंच बनवलं. विषबाधा झालेल्या जनावराला खारेपणाचा दुसरा धक्का कशाला. सोबत दुसऱ्या टाकीतला शेवाळलेला लाव्हा खडक, कीटोमॉर्फा या केसाळ शेवाळाचा पुंजका आणि पाण्यात टांगलेली सक्रिय कोळशाची पिशवी. खाणं बंद. पुढे दर दोन दिवसांनी सुमारे अर्धा लिटर काढून तेवढंच आरओचं पाणी. हजारी २८ वरून १६ वर यायला साधारण अकरा वेळा करावं लागतं. पहिल्या चार दिवसांत आणखी पाच गेल्या, मग थांबलं.

जुनी वाळू आणि खडक टाकून दिले. दवाखान्याला ती उधळपट्टी वाटली, पण बायफेन्थ्रिन पाण्यात राहण्यापेक्षा गाळाला चिकटतं आणि तिथे महिनोन् महिने टिकतं. काच साबणाच्या पाण्याने पुसून खूप वेळा खळाळली. गोगलगायी सच्छिद्र शंखांतून काय घेऊन येतील याची खात्री नसल्याने त्यांचा टब वेगळा.

नवी टाकी १८ ग्रॅमच्या हिशोबाने भरली, प्रखर दिवा रोज आठ तास लावला आणि खडक हिरवट होईपर्यंत चार आठवडे रिकामी ठेवली. सोडण्याआधी त्या पाण्यातही आर्टेमियाची वाटी करून पाहिली. वर काचेचं झाकण आलं. त्याने बाष्पीभवनही निम्म्यावर आलं. पाण्याच्या पातळीची खूण काचेवर रंगवली. भर घालायचं आरओचं पाणी आता बूच असलेल्या बाटलीत, कपाटाबाहेर वरच्या फळीवर असतं. फवारणीच्या दिवशी टाकीवर प्लास्टिक चढवायचं आणि कपाटात फवारू द्यायचं नाही, हे स्वागतकक्षातल्या बाईंनी फवारणीवाल्याच्या वेळापत्रकावरच लिहून ठेवलं आहे.