स्वतःचंच गिऱ्हाईक

दिवसभर लोकांच्या वेबसाइट सजवणारा माणूस रात्री स्वतः वाचायला बसतो तेव्हा उघडतो फीड रीडर, निरनिराळ्या वेबसाइटचे नवे लेख एका जागी आणून दाखवणारं ॲप. म्हणजे असं ठिकाण, जिथे सगळ्यांची सजावट दारातच उतरवून घेतात. फीडमधून मुख्यतः मजकूर येतो. त्यातूनही कुणी स्टाइल किंवा स्क्रिप्ट घुसडली, तर रीडर ती सुरक्षेपोटी बहुधा गाळून टाकतो. कुणीतरी खपून केलेला हेडर, आपोआप सरकणारी चित्रं, वाचायला सुरुवात करताच अंगावर येणारी ‘आधी सभासद व्हा’ची चौकट, सगळं बाहेर. असल्या चौकटी मी पैसे घेऊन बांधतो. वाचताना मात्र मला त्या नकोत, आणि याची मला फारशी लाजही वाटत नाही.

पण कोरं पान समोर आलं की डिझायनरचे हात शिवशिवतात. मिनीफ्लक्ससारख्या रीडरमध्ये आपलं सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारे नियम, टाकायला सेटिंगमध्येच जागा असते. ती रिकामी चौकट बघून गप्प बसणारा डिझायनर मी तरी पाहिलेला नाही.

पहिली डागडुजी अर्थातच देवनागरीची. बहुतेक रीडर रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बांधलेले. दोन ओळींत अंतर इतकं कमी, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. ते अंतर १.८ पट केलं तेव्हा कुठे पान श्वास घ्यायला लागलं. शीर्षकांत अक्षरं सुटी सुटी ठेवण्याची फॅशन रोमनला शोभते. इथे तिच्यापायी शिरोरेषाच तुटते. अवतरणं तिरकी करण्याचंही तेच. खऱ्या तिरक्या अक्षरांचे देवनागरी फॉन्ट मोजकेच, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडं करतो. मी तिरकं बंद केलं आणि अवतरणाला डाव्या बाजूने एक रेघ दिली. मग ‘ल’ आणि ‘श’. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदली असेल आणि फॉन्टमध्ये तशी सोय असेल, तर ही दोन्ही अक्षरं आपल्या वळणाची दिसतात, नाहीतर हिंदी वळणाची. तेवढ्यासाठी मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. हे कुणाच्या लक्षात येणार? कुणाच्याच नाही. माझ्याशिवाय ते पान बघतंच कोण!

तसा हा वाचकाचा हक्क जुनाच. हॉकन व्हिउम ली यांनी १९९४ साली सीएसएसची कल्पना मांडली तेव्हापासून पानाच्या रूपात लेखकाइतकंच वाचकाचंही म्हणणं असावं, हा विचार तिच्यात होता. १९९८ साली सीएसएस २ आलं आणि वाचकाने एखादा नियम ‘महत्त्वाचा’ ठरवला, तर शेवटचा शब्द त्याचाच, हे पक्कं झालं. नंतर बऱ्याच ब्राउझरांनी ही सोय काढून टाकली किंवा कोपऱ्यात ढकलली. मला हे आमच्या धंद्याचं सोयीस्कर विस्मरण वाटतं.

माझा सगळ्यात आवडता नियम मात्र एका ओळीचा आहे: न वाचलेल्या लेखांचा आकडा लपवणे. हा आकडा ईमेलच्या खोक्यातून इकडे आला. पत्र कुणीतरी आपल्याला लिहिलेलं असतं, उत्तराची वाट बघत असतं. लेखाचं तसं काही नसतं. तरीही तो ठळक आकडा दिसला की उधारी थकल्यासारखं वाटतं. आकडा गेला आणि मी जास्त वाचायला लागलो असं नाही; कमीच वाचतो, पण वाचतो ते शेवटपर्यंत.

बाकीची खासगी कामं फोल्डरमध्ये तशीच पडून आहेत. शब्दांत वेळ सांगणारं घड्याळ आहे, फॉन्ट शेजारी शेजारी लावून बघायचं पान आहे, आणि स्वतःची वेबसाइट तर कायमची ‘लवकरच’. गिऱ्हाईक नाही, मुदत नाही, बिल नाही, मग हलणार कसं? फीड रीडरचं काम तेवढं हलतं, कारण इथे गिऱ्हाईक मीच आणि ते रोज रात्री हजर.

आणि ते फार किरकिरं आहे. सध्या तारखेवरून अडून बसलंय. शीर्षकाच्या वर घातली की त्याला खाली हवी असते, खाली घातली की वर. काढूनच टाकू म्हटलं, तर म्हणतं, मग लेख जुना आहे की नवा ते कळणार कसं?