चप्पल झिजली त्याची गोष्ट

भाची संक्रांतीला मुंबईहून जळगावला आली ती काखेत चाळीस इंचांची फळी मारून. आईने दारातच विचारलं, "झोकानी फयी काबर काढी लई उनी व?" म्हणजे, झोक्याची फळी कशाला काढून आणलीस? भाचीला अहिराणी निम्मी कळते. तिने फळी उलटी करून खालची चार चाकं दाखवली. आईने एक चाक बोटाने फिरवलं. ते फिरतच राहिलं, चहा ओतून होईपर्यंत. आई काही बोलली नाही, पण नजर तिथेच होती.

तो लाँगबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायचा लांब स्केटबोर्ड. मुंबईत त्याची सोय आहे म्हणे. पहाटे मरीन ड्राइव्ह, कार्टर रोडला तर स्केटपार्कच. स्केटपार्क म्हणजे मुद्दाम बांधलेले उतार, उंचवटे, वाटीसारखे खोलगट भाग. पैसे खर्चून खड्डे बांधतात हे ऐकून आमच्या शेजाऱ्यांची चांगली करमणूक झाली. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार नावाच्या खेड्यातही 2015 पासून असा पार्क आहे, तिथली आदिवासी पोरं त्यावर वाढली, असं भाची सांगत होती. मग एकदम म्हणाली, "मामा, इथे कुठे चालवता येईल?"

तीस वर्षं या गावात राहतोय. चांगली कचोरी कुठे, भरताची वांगी कुणाकडे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गुळगुळीत जमीन कुठे आहे, हे मात्र मला सांगता येईना.

सुरुवात कॉलनीपासून केली. रस्ता काँक्रिटचा, नवाकोरा, म्हणून मी छाती फुगवून नेलं. दोन मिनिटांत ती उतरून तळपाय चोळायला लागली. टायरची पकड राहावी म्हणून ओल्या काँक्रिटवर ब्रश ओढून आडव्या रेघा पाडतात. स्कूटरवर त्या कळतही नाहीत, फळीवर मात्र दातापर्यंत झिणझिण्या. शिवाय दर चार-पाच मीटरवर सांधा, म्हणजे आगगाडीसारखं टक-टक. डांबरी रस्त्याची तऱ्हा वेगळी. खाली आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरचं डांबर लाटांसारखं वरखाली होतं. ज्या मातीने कापूस दिला, तिच्याकडून सपाट रस्त्याचीही अपेक्षा ठेवणं जरा जास्तच. हायवेचं नाव तर मी काढूच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मेहरूण तलाव. थंडी, पाण्यावर धुकं, फिरायला आलेले मफलरवाले काका. ती निघाली आणि चाकांचा आवाज एका सुरात येऊ लागला. मी मागून स्कूटरवर. समोरून नऊवारीतली एक आजी येत होती. ती थांबली आणि ओरडली, "धीरे व माय, पडशीन!" पडली नाही. पण हा बोरांचा हंगाम, आणि मेहरूणची बोरं खाऊन बी थुंकायला लोकांना वाट पुरते. मी धसकलो होतो. ती म्हणाली, छोट्या स्केटबोर्डला बी आडवी आली असती. त्याची चाकं पन्नास-बावन्न मिलिमीटरची आणि कडक. हिची सत्तरची, मऊ, बी असली तरी वरून जातात. ही चाकं पॉलियुरेथेन नावाच्या लवचिक प्लास्टिकची. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दी या अमेरिकन तरुणाने ती बोर्डांसाठी बाजारात आणली. त्याआधी धातूची किंवा भाजलेल्या मातीसारखी चाकं असायची, खडा आला की माणूस पुढे, फळी मागे.

धातूची म्हटल्यावर मला लहानपणीचं धुळं आठवलं. आमची गल्ली नंबराची, सरळसोट, नदीकडे उतरणारी. आग्रा रोडच्या गॅरेजमधून ट्रकचे बाद बेरिंग मागून आणायचे, रॉकेलमध्ये बुडवून ग्रीस काढायचं, खोक्याच्या फळीला ठोकायचे. झाला गाडा. पोटावर झोपून किंवा बुडावर बसून सोडायचा. आवाज असा की दुपारी झोपलेली अख्खी गल्ली शिव्या देत उठायची. ब्रेक म्हणजे टाच. दोन महिन्यांत पॅरागॉनच्या टाचेला भोक, आणि त्या भोकासाठी आईचा मार.

भाचीने चाकातलं बेरिंग काढून दाखवलं. बाहेरून बावीस मिलिमीटर, आत आठचं भोक, रुपयाच्या नाण्याएवढंच. आमचं मुठीएवढं होतं. ती त्याला मापाच्या नंबरावरून '608' म्हणते, आम्ही 'ट्रकचं' म्हणायचो.

खरी जागा रविवारी सापडली. धान्याच्या मार्केट यार्डात लिलावाच्या शेडखालचा कोबा. वर्षानुवर्षं पोती ओढून ओढून तो असा घोटला गेलाय की त्यात पत्र्याच्या फटीतलं ऊन दिसतं. सुट्टी होती, वॉचमन होता. त्याने फळी उलटसुलट पाहिली, चाक फिरवलं (हे सगळेच करतात) आणि विचारलं, "ब्रेक कुठंय याला?" भाचीने बूट दाखवला. एक पाय खाली सोडून तळवा हळूहळू घासायचा. वॉचमन हसला. त्याच्या हसण्यावरून मला शंका आली की यानेही कधीतरी रॉकेलमध्ये बेरिंग धुतलंय.

कोपऱ्यात मक्याचे दाणे सांडले होते तेवढे त्यानेच झाडून दिले. तासभर ती वळणं घेत राहिली, खांबांमधून, कपडा शिवल्यासारखी. मग मला म्हणाली, "मामा, या." उभं राहायची हिंमत नव्हती. बसलो. मांडी आखडून, दोन्ही हातांनी कडा धरून. तिने पाठीत ढकललं. आवाज नाही, हादरा नाही, नुसता खांब मागे जातोय. शेडचं टोक जवळ आलं तशी टाच आपोआप खाली गेली.

घरी आल्यावर चप्पल नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर काढली. आई ओट्यावर तीळ निवडत बसली होती. तिने चप्पल काठीने उलटी केली, टाच पाहिली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत गाडा बनाडा का रे?"